स्टूल बदललं तरी मान दुखतेच: सुरुवात पेशंटच्या डोक्यापासून करा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. दंतवैद्य म्हणून आठ वर्षं प्रॅक्टिस, रोज सहा-सात तास काम, त्यातही बहुतेक रूट कॅनॉल आणि क्राउन. मान आणि उजवा खांदा सतत दुखतो म्हणून तीन महिन्यांपूर्वी सॅडल स्टूल, म्हणजे खोगिरासारखं, दोन्ही बाजूंना पाय सोडून बसायचं स्टूल घेतलं. कंबर थोडी हलकी झाली, मान तशीच आहे आणि खांदा मात्र आधीपेक्षा जास्त दुखतो. आता पुढचा खर्च नव्या डेंटल चेअरवर करावा की लूप्सवर, म्हणजे दात मोठा दाखवणाऱ्या भिंगाच्या चष्म्यावर, हे तुम्हाला ठरवायचं आहे.

मी बावीस वर्षं हेच काम करते आणि जवळपास याच वाटेने गेले आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते. काय विकत घ्यायचं हे नंतर बघू. आधी काम करताना तुमची मान नेमकी कशासाठी वाकते ते शोधायला हवं. आपण वाकतो ते दात दिसत नाही म्हणून. डोळा दाताच्या दिशेने जातो, डोळ्यामागे डोकं जातं, डोक्यामागे मान, मानेमागे खांदे आणि पाठ. बूड कुठे टेकलं आहे हे या साखळीचं अगदी शेवटचं टोक. तुम्ही दुरुस्ती त्या शेवटच्या टोकापासून सुरू केलीत. त्यामुळे कंबरेला आराम पडला, पण मानेला ओढणारं कारण जिथल्या तिथे राहिलं.

पुढे जाण्याआधी दोन गोष्टी. हाताला मुंग्या येत असतील, बोटं बधिर होत असतील, पकड सैल पडत असेल किंवा दुखण्याने रात्रीची झोप मोडत असेल, तर हे सगळं बाजूला ठेवून आधी अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा. नस दबलेली असेल तर कुठल्याही उपकरणाने ती सुटणार नाही. दुसरं असं की मी जे सांगणार आहे त्यातलं बरंच काही तुमच्या उंचीवर, कामाच्या प्रकारावर, शेजारी असिस्टंट बसते की एकट्यानेच काम करता यावर आणि तुम्ही डावखुरे आहात का यावर अवलंबून आहे. माझी उंची 152 सेंटिमीटर आहे. माझ्यासाठी जे बसतं ते 180 सेंटिमीटरच्या माणसाला जसंच्या तसं बसणार नाही. म्हणून आकड्यांपेक्षा त्यामागचं कारण नीट बघा.

आणखी एक गोष्ट मनापासून सांगते. ‘तुमची बसायची पद्धत चुकीची आहे’ असं ऐकवणारे खूप भेटतील. 2009 साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात वेगवेगळ्या अभ्यासांमधून दंतवैद्यक क्षेत्रातल्या 64 ते 93 टक्के लोकांना स्नायू-सांध्यांचं दुखणं असल्याचं दिसलं होतं. एवढ्या लोकांना एकाच कामात एकाच जागी दुखत असेल, तर दोष त्या प्रत्येकाच्या शिस्तीत शोधून चालत नाही. ज्या वस्तूंमध्ये आपण दिवसभर अडकून बसतो त्यांच्या घडणीत तो शोधावा लागतो.

आता तुमच्या स्टूलबद्दल. सॅडल स्टूलमागचा विचार पक्का आहे. कीगन या अमेरिकी न्यूरोसर्जननी 1953 साली एक्स-रे काढून दाखवलं की धड आणि मांडी यांच्यातला कोन साधारण 135 अंश असतो, तेव्हा कंबरेचा नैसर्गिक बाक टिकतो. मांड्या जमिनीला समांतर ठेवून काटकोनात बसलं की कटीभाग मागे फिरतो, बाक सपाट होतो आणि मणक्यांमधल्या चकत्यांवर दाब वाढतो. सॅडलवर मांड्या खाली उतरत्या राहतात, म्हणून तुमची कंबर हलकी झाली. इथपर्यंत सगळं बरोबर झालं.

पण सॅडलवर तुम्ही जुन्या स्टूलपेक्षा सहज दहा-पंधरा सेंटिमीटर उंच बसता. तुमचे डोळे आणि कोपर तेवढेच वर गेले. पेशंटचं तोंडही तेवढंच वर आलं का? बहुतेक जण चेअर सवयीच्या उंचीलाच थांबवतात. कित्येक चेअर तेवढ्या वर जातच नाहीत. मग दात आधीपेक्षा दूर जातो आणि मान आधीइतकी किंवा जास्तच वाकते. खांद्याचं कारण बहुधा वेगळं आहे. सॅडलवर पाय फाकलेले राहतात. चेअरची पाठ वरच्या टोकाला रुंद आणि जाड असेल तर गुडघे तिला अडतात, तुम्ही नकळत मागे सरकता आणि हात पुढे लांबवून काम करता. कोपर अंगापासून सुटलं की हाताचं सगळं वजन खांद्याच्या आणि मानेच्या स्नायूंवर लटकतं. ट्रे आणि हँडपीस (दात कोरायचं हातातलं यंत्र) जुन्या उंचीला आणि जुन्या जागी राहिले असतील, तर दर वेळी उजव्या बाजूला खाली वळून उचलणंही त्यात जमा होतं. स्टूल चांगलं आहे, फक्त त्याच्या भोवतालचं काहीच बदललेलं नाही.

हे खरं आहे का ते एका पैशाचा खर्च न करता तपासता येतं. चेअरवर कुणी नसताना स्टूलवर ताठ पण सैल बसा, खांदे सोडा, कोपरं अंगाजवळ ठेवा, डोळे मिटा आणि रूट कॅनॉलची फाइल (सुईसारखं बारीक अवजार) धरल्यासारखी बोटं जिथे आपोआप येतील तिथे थांबू द्या. डोळे उघडा. तुमच्या बोटांची ही जागा म्हणजे पेशंटच्या तोंडाची जागा. साधारणपणे ती कोपराच्या पातळीला किंवा किंचित वर येते आणि डोळ्यापासून 35 ते 45 सेंटिमीटरवर असते, उंच माणसाला आणखी थोडी लांब. आता चेअर आडवी करून हेडरेस्ट त्या जागी आणून बघा. आलं तर चेअर बदलायची गरज नाही. येत नसेल तर नेमकं काय आडवं येतं ते लिहून ठेवा: उंची, पाठीची जाडी, हेडरेस्ट की जागा.

ही युक्ती माझी नाही. जपानमध्ये काम करणारे अमेरिकी दंतवैद्य डॅरिल बीच यांनी 1960च्या दशकात हाच विचार मांडला होता: आधी डॉक्टरचं शरीर स्वस्थ बसवा, त्यातून हाताची जागा ठरू द्या, आणि मग पेशंट व उपकरणं त्या जागेभोवती रचा. 1964 साली आलेलं ‘स्पेसलाइन’ हे युनिट त्याच विचारातून घडलं, त्यात पेशंट पूर्ण आडवा असे. त्याआधी पिढ्यान्‌पिढ्या दंतवैद्य उभ्याने काम करत, पेशंट ताठ बसलेला असे. पूर्ण आडवी होणारी चेअर 1958 साली आली, आणि मग 1960च्या दशकात बसून, असिस्टंटसह चार हातांनी काम करण्याची पद्धत रुळली. पण तेव्हापासूनच एक गडबड राहून गेली आहे. चेअरची रचना आरामखुर्चीच्या अंगाने वाढत गेली. जाड गादी, रुंद खांदे, दोन्ही बाजूंना उंच कडा. पेशंट बसल्याबरोबर ‘छान आहे’ म्हणतो, आणि तीच गादी डॉक्टरला त्याच्या तोंडापासून दहा सेंटिमीटर लांब ठेवते. गादी पातळ केली म्हणून पेशंटला त्रास होतोच असं नाही. शरीराचा भार नीट वाटला गेला तर पातळ पाठीवरही माणूस तासभर निवांत पडून राहतो.

माझ्या मते सगळ्या दवाखान्यातली सर्वांत दुर्लक्षित वस्तू हेडरेस्ट आहे. चेअर बघायला गेलं की स्क्रीन, लाइट, गादीचा रंग हे सगळं दाखवतात. मी तेव्हा हेडरेस्टचा सांधा बघते. एकाच सांध्याचं हेडरेस्ट डोकं फक्त वर-खाली करतं. दोन सांध्यांचं असेल तर मानेला आधार देऊन डोकं मागे झुकवता येतं, आणि सगळा फरक इथे पडतो. वरच्या दातांवर काम करताना हनुवटी इतकी वर हवी की वरच्या दातांची पातळी उभ्या रेषेच्याही 20-25 अंश मागे झुकेल. तेव्हा तुम्ही बाराच्या जागेवर, म्हणजे पेशंटच्या डोक्यामागे बसून, ताठ मानेने आरशातून टाळूच्या बाजूपर्यंत बघू शकता. खालच्या दातांसाठी उलट: पाठ थोडी वर उचला, हनुवटी छातीकडे, आणि चेअर आणखी खाली घ्या. एकाच स्थितीत ठेवून वर-खाली दोन्हीकडे काम केलं की एका जबड्याची भरपाई तुमची मान करते, दिवसातून दहा-बारा वेळा.

याला जोडून एक अगदी साधी चूक. पेशंट आडवा होताना थोडा खाली घसरतो आणि त्याचं डोकं हेडरेस्टच्या वरच्या टोकापासून चार-पाच बोटं खाली राहतं. मग डोक्यामागे बसलेल्या डॉक्टरला त्या रिकाम्या चार बोटांवरून वाकावं लागतं. मी प्रत्येक पेशंटला चेअर आडवी झाल्यावर सांगते, ‘आता जरा वर सरका, डोकं अगदी टोकाला येऊ द्या.’ पहिल्या महिन्यात हे मला रोज आठवून म्हणावं लागे, आता तोंडातून आपोआप जातं. आणि डोकं बाजूला वळवायलाही सांगा. उजव्या खालच्या दाढेची जिभेकडची बाजू बघायला आपण स्वतः वळतो, पेशंटला ‘माझ्याकडे वळा’ म्हणायला विसरतो. त्याचं डोकं 30 अंश वळलं तर त्याला काही होत नाही. तुमची पाठ तेवढीच वळून वीस मिनिटं राहिली तर संध्याकाळी कळतं.

अर्थात सगळे पेशंट आडवे होऊ शकत नाहीत. गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांतली बाई, हृदयाचा किंवा श्वासाचा त्रास असलेले, पाठीला पोक आलेले वयस्क. गरोदर बाईला डाव्या कुशीवर थोडं झुकवून उशीचा आधार देता येतो. पोक आलेल्या आजोबांच्या मानेखाली गुंडाळलेला टॉवेल ठेवून मी हेडरेस्ट त्यांच्या डोक्यापर्यंत वर आणते, डोकं खाली दाबत नाही. आणि तरी जमलं नाही तर मी सरळ उभी राहून काम करते. बसून वाकण्यापेक्षा उभं राहून ताठ राहणं बरं. दिवसात दोन-तीन वेळा बसणं-उभं राहणं बदललं तर वेगवेगळ्या स्नायूंना सुट्टी मिळते, म्हणून त्याचं वाईट वाटून घेऊ नका.

लाइटबद्दल थोडक्यात. प्रकाशाची दिशा तुमच्या नजरेच्या दिशेशी जवळजवळ समांतर हवी, फार तर 15 अंशांचा फरक. तसं नसेल तर स्वतःच्याच हाताची सावली पडते आणि सावली चुकवायला डोकं बाजूला जातं. वरच्या लाइटचा हात लहान असेल आणि तो तुमच्या डोक्यामागपर्यंत येत नसेल, तर लूप्सवर बसवलेला हेडलाइट हा प्रश्न कायमचा सोडवतो. हलका घ्या, आणि बॅटरी कुठे बसते तेही बघा.

आता लूप्स. इथे मी स्वतः मोठी चूक केली आहे आणि ती तुम्ही करू नये म्हणून सांगते. माझे पहिले लूप्स एका प्रदर्शनात मापं देऊन घेतले. विक्रेत्याने मला एका टेबलासमोर बसवलं, समोर दातांचा साचा ठेवला आणि नेहमीसारखं काम करायला सांगितलं. मी नेहमीसारखी वाकले. त्याने त्या वाकलेल्या स्थितीतलं अंतर मोजलं. तयार होऊन आलेल्या लूप्समधून स्पष्ट दिसायचं ते फक्त त्याच अंतरावर, म्हणजे मी तेवढीच वाकले तरच. ताठ बसलं की धूसर. साडेतीन वर्षं मी रोज ती मापाने घेतलेली वाकलेली मान सांभाळली. म्हणून क्रम महत्त्वाचा आहे: आधी स्टूल, चेअर आणि हेडरेस्ट जागेवर आणा, त्या बैठकीत दोन-तीन आठवडे काम करा, आणि मग तुमच्याच दवाखान्यात, तुमच्याच चेअरवर कुणाला तरी झोपवून मापं घ्यायला लावा.

लूप्समध्ये किती पट मोठं दिसतं यावर सगळे बोलतात. मानेच्या दृष्टीने त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे भिंगं खाली किती झुकलेली आहेत. ती जितकी जास्त झुकलेली तितकं डोकं कमी वाकवून, फक्त डोळे खाली करून बघता येतं. एक हिशेब डोळ्यासमोर ठेवा. डोक्याचं वजन साधारण साडेचार ते पाच किलो. 2014 साली एका मणक्याच्या शल्यविशारदाने संगणकीय प्रतिकृतीवरून काढलेल्या अंदाजानुसार डोकं 15 अंश पुढे वाकलं की मानेवर सुमारे 12 किलोचा भार येतो, 30 अंशांना 18 आणि 60 अंशांना 27. ही गणिती प्रतिकृती आहे, प्रत्येकाच्या मानेत मोजलेले आकडे नाहीत, पण वाकणं वाढतं तसा भार किती झपाट्याने चढतो हे त्यातून दिसतं. कामाच्या स्थिर बैठकींसाठी 2000 साली आलेल्या आयएसओ 11226 या आंतरराष्ट्रीय मानकातही डोकं 25 अंशांपर्यंत आणि आधाराशिवाय धड 20 अंशांपर्यंत झुकलेलं चालतं. त्यापुढे किती वेळ तसं राहता याला मर्यादा येते. लूप्सशिवाय काम करणारे आपल्यातले कित्येक जण या मर्यादेच्या बाहेर तासन्‌तास असतात.

काचेतच भिंग बसवलेले लूप्स हलके असतात आणि नजरेचं क्षेत्र मोठं मिळतं, पण झुकाव कायमचा ठरून जातो. पुढे उचलता येणाऱ्या प्रकारात झुकाव बदलता येतो आणि जास्त मिळतो, पण वजन नाकापासून पुढे जातं. अडीच-तीन पटीचे साधे लूप्स हलके असतात, त्यावरचे प्रिझमवाले जड. अलीकडे प्रिझमने प्रकाशाची दिशाच वळवणारे लूप्स मिळतात, ज्यात डोकं जवळपास सरळ ठेवून समोर बघितलं तरी खालचा दात दिसतो. मानेसाठी ही खरोखर मोठी सुधारणा आहे. पण हात आणि नजर यांची दिशा वेगळी झाल्यामुळे सवय व्हायला काही आठवडे लागतात, आणि सुरुवातीला काहींना गरगरतं. आधी उधार घेऊन वापरून बघा. दिवसभर रूट कॅनॉलच करत असाल तर मायक्रोस्कोपचा विचार करण्यासारखा आहे. त्यात दुर्बिणीचा कोन तुमच्या डोळ्यांनुसार फिरवता येतो, त्यामुळे पाठ ताठ ठेवल्याशिवाय दिसतच नाही. ज्या उपकरणात वाईट बैठक शक्यच होत नाही ते चांगलं उपकरण, असं मी मानते. फक्त मायक्रोस्कोपला असिस्टंट शेजारी लागतेच. एकट्याने प्रत्येक फाइल उचलण्यासाठी मायक्रोस्कोपवरून नजर हटवायची असेल तर त्याचा फायदा निम्मा होतो.

खांद्याबद्दल बोलताना हातातल्या वस्तूंकडेही बघायला हवं. बारीक दांड्याचं अवजार घट्ट चिमटीत धरावं लागतं. कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी 2007 साली स्केलिंगच्या, म्हणजे दातांवरचं कीटण काढायच्या, अवजारांवर केलेल्या प्रयोगात 10 मिलिमीटर जाड आणि 15 ग्रॅमच्या आत वजन असलेल्या दांड्यांना सर्वांत कमी जोर लागला. पुढे 2012 साली 110 जणांवर चार महिने चाललेल्या चाचणीत 14 ग्रॅम वजनाचा आणि 11 मिलिमीटर जाडीचा क्यूरेट (स्केलिंगचंच खरवडायचं अवजार) वापरणाऱ्यांचं खांद्याचं दुखणं 34 ग्रॅमच्या, 8 मिलिमीटर जाडीच्या क्यूरेटपेक्षा जास्त कमी झालं. बोटांवरचा ताण कमी झाला की त्याचा आराम खांद्यापर्यंत पोचतो, हे मला त्यातलं सर्वांत महत्त्वाचं वाटतं. अवजारं एकदम बदलायची गरज नाही. जुनी झिजली की जाड आणि हलकी घ्या, आणि मधल्या काळात धार लावून ठेवा. बोथट क्यूरेट कितीही सुंदर दांड्याचा असला तरी जोर मागतोच.

हँडपीसमध्ये वजनापेक्षा तोल जास्त बघा. इलेक्ट्रिक मोटरचा हँडपीस हवेवर चालणाऱ्या टर्बाइनपेक्षा बराच जड असतो, पण वजन जर अंगठा आणि तर्जनीच्या मधल्या खळगीत टेकत असेल तर तो मनगट मागे ओढत नाही. मागे ओढतात त्या नळ्या. गुंडाळीदार नळी स्प्रिंगसारखी सतत परत खेचते, आणि आपण दिवसभर तिच्याविरुद्ध पकड धरून असतो. सरळ, मऊ नळी आणि हँडपीसच्या मुळाशी फिरता सांधा, या दोन गोष्टी कुठल्याही युनिटमध्ये मी आधी हाताने तपासते. हातमोजेही यातच येतात. दोन्ही हातांना एकच चालणारे मोजे अंगठा बाहेरच्या बाजूला ताणून ठेवतात. अंगठ्याच्या बुडाशी दुखत असेल तर उजव्या-डाव्या हाताचे वेगळे आणि थोडे सैल मोजे आठवडाभर वापरून बघा.

ट्रे कुठे असावा यावर बरीच मतं आहेत. माझा अनुभव असा की हँडपीस पेशंटच्या छातीवर, तुमच्या कोपराच्या पातळीला आले तर पाठ वळत नाही. मागच्या बाजूला ठेवलेलं युनिट दिसायला नीटनेटकं असतं, पेशंटला सुया दिसत नाहीत, पण असिस्टंट प्रत्येक वस्तू हातात देत असेल तरच ते चालतं. एकट्याने काम करणाऱ्याला ते दर वेळी कंबरेतून वळवतं. मुलांच्या दवाखान्यात ट्रे डोळ्याआड ठेवावाच लागतो, तिथे मी बाजूला फिरणारी गाडी वापरायला सांगेन. पायाचा कंट्रोलही बघा. तो दूर असेल तर एक पाय कायम पुढे ताणलेला राहतो आणि कटीभाग वाकडा बसतो. सॅडलवर हे जास्तच जाणवतं. तो गुडघ्याखाली जवळ ओढा आणि आठवड्यातून काही दिवस दुसऱ्या पायाने चालवायचा सराव करा.

मी बुटकी असल्याने मला एक गोष्ट फार जाणवते: स्टूलच्या खालच्या दांड्याच्या उंचीचे प्रकार मिळतात, पण मागितल्याशिवाय कुणी देत नाही. मी चार वर्षं मधल्या उंचीच्या दांड्यावर बसले. पाय टेकत नव्हते, म्हणून टोकावर बसायचे, पाठीचा टेकू वापरताच यायचा नाही. आखूड दांडा टाकल्यावर तोच स्टूल वेगळा वाटला. उंच डॉक्टरांची अडचण याच्या उलट, त्यांना लांब दांडा लागतो. स्टूल विकणाऱ्याने आधी उंची विचारली नाही तर तुम्ही स्वतः सांगा.

आणि हे सगळं करताना असिस्टंटला विसरू नका. मी माझी बैठक नीट केली त्या वर्षी माझ्या असिस्टंटची मान दुखायला लागली. मी पेशंट वर घेतला होता आणि ती पूर्वीच्याच स्टूलवर होती, त्यामुळे तिला तोंडात दिसतच नव्हतं. ती सक्शन (तोंडातलं पाणी ओढणारी नळी) धरून हात वर, मान तिरकी, अशी तासन्‌तास बसायची आणि बोलली नाही. मला ते कळायला दोन महिने लागले याचं मला आजही वाईट वाटतं. असिस्टंटचे डोळे तुमच्यापेक्षा 10 ते 15 सेंटिमीटर वर हवेत, म्हणून तिचं स्टूल उंच आणि पाय ठेवायला कडं असलेलं हवं. तुम्ही सॅडलने वर गेलात, तर तिलाही वर जावं लागेल. तिला आजच विचारा.

तुमच्या मूळ प्रश्नाला सरळ उत्तर द्यायचं तर: लगेच दोन्ही घेऊ नका. आधी डोळे मिटण्याची ती तपासणी करा. हेडरेस्ट त्या जागी येत असेल आणि गुडघे अडत नसतील, तर चेअर राहू द्या आणि बैठक बसल्यावर लूप्स घ्या. येत नसेल आणि फक्त हेडरेस्ट अडचण असेल, तर काही चेअरवर दुहेरी सांध्याचं हेडरेस्ट वेगळं बसवता येतं, त्याची चौकशी करा. पाठ जाड आहे, चेअर पुरेशी वर जात नाही अशी स्थिती असेल, तर मात्र लूप्सवर खर्च करण्याआधी चेअर बदला. अयोग्य चेअरवर मापं घेतलेले लूप्स माझ्यासारखी तुमचीही वर्षं खातील. चेअर बघायला जाल तेव्हा स्वतःचं स्टूल बरोबर न्या, सोबतच्या माणसाला झोपवा आणि बाराच्या जागेवर, नवाच्या जागेवर (पेशंटच्या उजव्या बाजूला), वरच्या आणि खालच्या दाढेवर प्रत्येकी पाच मिनिटं काम केल्याचा सराव करा.

काम चालू असताना बाजूने दहा मिनिटांचा व्हिडिओही काढा, पेशंटची परवानगी घेऊन. आपण ताठ बसतो असं प्रत्येकाला वाटतं. मलाही वाटायचं. मग चार आकडे इथे लिहा: तुमची उंची, जमिनीपासून तुमच्या गुडघ्यामागच्या खळगीपर्यंतचं अंतर, चेअर पूर्ण आडवी आणि पूर्ण वर असताना जमिनीपासून हेडरेस्टपर्यंतची उंची, आणि हेडरेस्टच्या जवळ चेअरच्या पाठीची जाडी. ते कळले की स्टूलला कुठला दांडा हवा आणि चेअर ठेवायची की बदलायची, हे मी तुम्हाला जास्त खात्रीने सांगू शकेन.